एकमेव प्रत : गॉथिक रहस्यकादंबरी आणि ग्रंथप्रेमी वाचक

गॉथिक रहस्यकादंबरीचा चाहता कोण, या प्रश्नाला 'भीतीची हौस असलेला वाचक' असे ठरीव उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. या कादंबऱ्यांच्या वाचकवर्गात एक मोठा गट असा असतो, की ज्याला भुताखेतांचे विशेष कौतुक नसते, रक्तपाताची किळस असते आणि खुनी कोण याचीही फार उत्कंठा नसते. परंतु ओसाड गढीतले कुलूपबंद दालन, त्यातली पेटी, पेटीतले पिवळे पडलेले कागद आणि त्यांवरचे अनोळखी हस्ताक्षर एवढे आले, की हा वाचक सावरून बसतो. हा ग्रंथप्रेमी वाचक होय. पुस्तकावर तो केवळ मजकुरासाठी प्रेम करीत नाही; वस्तू म्हणून, वारसा म्हणून आणि खरे सांगायचे तर मालमत्ता म्हणूनही करतो. त्याला या वाङ्मयप्रकाराची एवढी ओढ का असावी आणि ती ओढ नैतिकदृष्ट्या निरागस आहे काय, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत असे मला वाटते. पहिल्याचे उत्तर शोधू लागले की दुसरा आपोआप पुढे येऊन उभा राहतो.

या वाङ्मयप्रकाराचा जन्मच मुळी एका पुस्तकाविषयीच्या थापेतून झाला आहे. हॉरेस वॉल्पोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' 1764 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक म्हणून त्याचे नाव नव्हते. हे पुस्तक 1529 मध्ये नेपल्समध्ये छापले गेले, इंग्लंडच्या उत्तर भागातील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात ते सापडले आणि आपण केवळ त्याचे भाषांतर केले, असा बनाव प्रस्तावनेत रचलेला होता. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा वॉल्पोलने कर्तृत्व मान्य केले आणि 'गॉथिक कथा' हे उपशीर्षकही तेव्हाच आले. 'मंथली रिव्ह्यू' या नियतकालिकाने पहिल्या आवृत्तीचे स्वागत केले होते. तिचा लेखक समकालीन आहे हे कळताच त्याच नियतकालिकाचा सूर पालटला. संहिता तीच, शब्द तेच. जुन्या अंधश्रद्ध काळाला जे माफ होते ते आजच्या सुशिक्षित सद्गृहस्थाला माफ नव्हते, इतकाच फरक. साहित्यकृतीचे मूल्यमापन संहितेवरूनच व्हावे असे आग्रहाने म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावे. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रंथालयात सापडलेले पुस्तक ही कल्पना कथानकाच्याही आधी येते. महाकाय शिरस्त्राण आकाशातून कोसळण्यापूर्वी वाचकाच्या हाती एक दुर्मिळ ग्रंथ पडलेला असतो. रहस्याचा पहिला अनुभव 'हे पुस्तक येथवर आले कसे' हा असतो. वाड्यात काय घडले हा त्यानंतरचा.

भीतीचा आस्वाद घेता येतो याचे स्पष्टीकरण दोन्ही परंपरांत उपलब्ध आहे. एडमंड बर्कने 1757 मधील आपल्या प्रबंधात, संकट पुरेशा अंतरावर असेल तर भयातून एक प्रकारचा आल्हाद संभवतो, असे प्रतिपादन केले. वॉल्पोलनंतरच्या पिढीने ते प्रमाण मानले. आपल्याकडे अभिनवगुप्ताने हा विचार त्याच्या कितीतरी आधी आणि माझ्या मते अधिक सूक्ष्मपणे केला आहे. साधारणीकरण विशद करताना तो उदाहरण घेतो ते 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे. तेथे 'मी भ्यालो' असा प्रत्यय नसतो, 'तो भ्याला' असाही नसतो. देशकालाच्या आणि व्यक्तीच्या बंधनातून सुटलेले भय तेवढे सहृदयाच्या प्रतीतीला येते. बर्कचे अंतर भौतिक आहे, अभिनवगुप्ताचे ज्ञानात्मक आहे.

तथापि भयानक रसाची ही मीमांसा गॉथिक रहस्यकादंबरीच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. कारण या कादंबरीत प्रधान भाव भय हा नसतोच. प्रधान असते ते औत्सुक्य. आणि नाट्यशास्त्राने औत्सुक्याला स्थायीभावाचे स्थान दिलेले नाही, तेहेतीस व्यभिचारी भावांत त्याची गणना केली आहे. येणारा-जाणारा हा भाव येथे घरात कायमचा मुक्काम करून बसतो आणि भय त्याच्या सेवेला उभे राहते. ॲन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' (1794) मध्ये नायिका एक काळा पडदा उचलते, आत पाहते आणि मूर्च्छित पडते. तिने काय पाहिले हे लेखिका शेकडो पाने सांगत नाही. अखेरीस कळते, की तो प्रायश्चित्तासाठी केलेला मेणाचा पुतळा होता. उत्तर निरुपद्रवी आहे, किंबहुना काहीसे हास्यास्पद. पण तोवर वाचकाने जे भोगले ते खरे असते. साधारणीकृत भयात सहृदय निःसंग असू शकतो. औत्सुक्यात निःसंगता संभवतच नाही, कारण पान उलटणारा हात त्याचाच असतो. नैतिक प्रश्न येथे शिरतो. बंद दालनात काय आहे हे जाणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि ते जाणण्याची किंमत कोणी द्यायची?

जेन ऑस्टिनने हा प्रश्न विनोदाच्या अंगाने विचारला. 'नॉर्दँगर ॲबी' तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या डिसेंबरात बाहेर पडली, पण तिचा मूळ खर्डा अठराव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे रॅडक्लिफच्या भर लोकप्रियतेच्या काळातला. 1803 मध्ये तो एका प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतला आणि छापलाच नाही. तिची नायिका कॅथरिन मॉरलंड ही 'उडॉल्फो'ची भक्त. मठाचे घर झालेल्या वास्तूत पाहुणी म्हणून गेल्यावर रात्री वादळ चालू असताना तिला एका जुन्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते; तेवढ्यात मेणबत्ती विझते; रात्रभर ती तळमळत राहते. सकाळी पाहते तर धोब्याचे हिशेब आणि घोड्याच्या औषधोपचाराचे बिल! हा प्रसंग सर्वांना आठवतो आणि कादंबरी ही गॉथिकची थट्टा आहे असे मानून बहुतेक जण पुस्तक मिटतात.

पण ऑस्टिन तेथे थांबलेली नाही. घरमालक जनरल टिल्नी याने आपल्या पत्नीचा घात केला असावा असा कॅथरिनला संशय येतो. ती मृत स्त्रीच्या खोलीत चोरून जाते. जनरलचा मुलगा हेन्री तिला तेथे पाहतो आणि सौम्य शब्दांत पण कठोरपणे तिची कानउघाडणी करतो. ती शरमेने रडते. एवढे होऊन काही दिवस लोटतात न लोटतात तोच ती श्रीमंत वारसदार नाही असे कळताच हाच जनरल तिला भल्या पहाटे, सोबतीला नोकरही न देता, सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. त्याने खून केलेला नसतो, पण माणसाला पैशाच्या मापाने मोजून टाकून देणारा तो एक क्रूर पुरुष असतो. म्हणजे कॅथरिनचा तपशील चुकला, रोख चुकला नाही. घरातल्या प्रतिष्ठित पुरुषाविषयी जे शिष्टाचार बोलू देत नव्हता ते तिला रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांनी आधीच सांगून ठेवले होते. हेन्रीची कानउघाडणी सुसंस्कृत आहे, तर्कशुद्ध आहे आणि शेवटी त्याच्याच बापाने ती खोटी पाडली आहे. या कादंबरीचे नैतिक मर्म मला येथे दिसते. धोब्याच्या हिशेबात नव्हे.

याच कादंबरीतला आणखी एक धागा ग्रंथप्रेमींच्या दृष्टीने मौजेचा आहे. कॅथरिनची मैत्रीण तिला सात 'भयंकर' कादंबऱ्यांची यादी देते. ती नावे ऑस्टिनने थट्टेसाठी रचली असावीत असा समज बराच काळ रूढ होता. माँटेग्यू समर्स आणि मायकेल सॅडलिअर या दोघा संग्राहक-अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या कादंबऱ्या खरोखरच छापल्या गेल्या होत्या हे दाखवून दिले. सॅडलिअरचा निबंध 1927 चा. मग त्या हरवलेल्या पुस्तकांच्या प्रती मिळवण्याचा खटाटोप सुरू झाला. सॅडलिअरचा गॉथिक संग्रह पुढे अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. गॉथिक कादंबरीतला नायक जे करतो तेच हे विद्वान गॉथिक कादंबऱ्यांबाबत करीत होते: धूळ, जुनी कपाटे, अर्धवट खुणा आणि एक उरलेली प्रत.

आता या शोधाची किंमत. 'जेन एअर' (1847) मध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या हास्याचे रहस्य उलगडते तेव्हा त्या उत्तराला हातपाय असतात, केस असतात, एक नाव असते. बर्था मेसन हे कोड्याचे उत्तर आहे आणि ती माणूसही आहे. परंतु कादंबरीच्या रचनेत तिला उत्तर म्हणूनच जागा आहे. उत्तर मिळाले की ती आगीत मरते आणि नायिकेच्या विवाहाचा मार्ग मोकळा होतो. शार्लट ब्राँटेची गुणवत्ता मी कमी लेखत नाही. तिच्या नायिकेचा स्वाभिमान हा इंग्रजी कादंबरीतला एक थोर नैतिक लाभ आहे. पण त्या लाभाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला गेला, हे विचारायला 1966 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जीन ऱ्हीसने 'वाइड सारगॅसो सी' मध्ये वेस्ट इंडीजमधल्या त्या स्त्रीला तिचे बालपण, तिचे मूळ नाव आणि तिची बाजू परत दिली. ज्या वाचकाने 'जेन एअर' उत्कटतेने वाचली असेल त्यालाच ऱ्हीसचे पुस्तक झोंबते, कारण ते ब्राँटेइतकेच आपल्या उत्सुकतेलाही जाब विचारते.

डाफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका' (1938) या बाबतीत अधिक निर्दय आहे. तिच्या निवेदिकेला नाव नाही. पहिल्या पत्नीच्या सावलीत चेपलेली ही मुलगी लग्नाआधी एक कृत्य करते, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले आहे असे मला वाटत नाही. मॅक्सिमकडून तिच्या हाती आलेल्या कवितासंग्रहावर रेबेकाच्या हस्ताक्षरात अर्पणाचे शब्द आहेत. ही ते पान काळजीपूर्वक कापून काढते, फाडते आणि जाळून टाकते. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या वाचकाला येथे चर्र होते. पुढे मॅक्सिम कबूल करतो, की आपण रेबेकाला गोळी घालून ठार केले. निवेदिकेला त्या क्षणी सुटका वाटते: याचे तिच्यावर प्रेम नव्हते तर! आणि तेथून अखेरपर्यंत आपणही, एरवी कायदा मानणारे सभ्य वाचक, हा खुनी सुटावा म्हणून श्वास रोखून वाचत राहतो. 1940 साली हिचकॉकने चित्रपट केला तेव्हा अमेरिकेतील चित्रपटसंहितेला शिक्षेविना सुटणारा पत्नीघातकी नायक चालत नव्हता. म्हणून पडद्यावर रेबेकाचा मृत्यू अपघाती ठरवावा लागला. चित्रपटाच्या प्रेक्षकाची लाज अशी राखली गेली. कादंबरीच्या वाचकाची राखलेली नाही. कापलेल्या पानाचे आपल्याला वाईट वाटले आणि समुद्रतळाशी गेलेल्या बाईचे वाटले नाही, असे लक्षात आल्यावर काय करायचे? मृत रेबेका दुष्ट होती, असे आपण घाईने म्हणतो. पण हे आपल्याला सांगितले कोणी? मुख्यतः तिला मारणाऱ्यानेच.

ग्रंथप्रेमाच्या या विचित्र मापाचे मूळ शोधताना एक विसंगती डोळ्यांत भरते. गॉथिक कादंबरी हा घाऊक छपाईचा माल होता. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेनचा मिनर्व्हा छापखाना असे खंड मोठ्या संख्येने काढीत होता आणि ते भाड्याने देणारी वाचनालये त्यावर चालत होती. ऑस्टिनच्या यादीतल्या सातांपैकी बहुतेक कादंबऱ्या मिनर्व्हाच्याच. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक रहस्यकथांवर एकोणिसाव्या शतकातला मराठी सुशिक्षित तरुण लुब्ध होता. हरिभाऊ आपट्यांच्या पहिल्या कादंबरीला, 'मधली स्थिती'ला, त्याच रेनॉल्ड्सचा आधार आहे. आणि पुढे बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप हे मुख्यतः पेठापेठांतल्या भाड्याच्या वाचनालयांतून वाचले गेले. अशा सहज मिळणाऱ्या, हातोहाती फिरून कोपरे मुडपलेल्या पुस्तकाच्या गाभ्यात काय असते? तर एकमेव हस्तलिखित. ज्याची दुसरी प्रत नाही, जे जळाले तर संपले. वॉल्टर बेंजामिनने 1936 च्या सुमारास यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे वलय लोपते असे म्हटले. त्याच्या पाच वर्षे आधी त्याने स्वतःच्या ग्रंथसंग्रहाची खोकी उघडण्यावर लिहिले होते आणि संग्राहकाच्या मालकीच्या भावनेची बाजू घेतली होती. गॉथिक रहस्यकादंबरी या दोन निबंधांच्या मध्ये उभी आहे असे म्हणता येईल. वलय गमावलेल्या वस्तूने हरवलेल्या वलयाविषयी सांगितलेले ते स्वप्न आहे. ग्रंथप्रेमी त्याला भुलतो, कारण त्याच्या कपाटातल्या प्रत्येक छापील प्रतीला आपण एकमेव असावे असे वाटते अशी त्याची समजूत असते.

अलीकडच्या काही कादंबऱ्यांनी ही समजूत उघडपणे विषय म्हणून घेतली आहे. कार्लोस रुइझ साफोनच्या 'द शॅडो ऑफ द विंड' (मूळ स्पॅनिश 2001) मध्ये यादवी युद्धानंतरच्या बार्सिलोनात विस्मृत पुस्तकांची एक दफनभूमी आहे आणि हुलिआन काराक्स नावाच्या लेखकाची पुस्तके कोणीतरी शोधून शोधून जाळत आहे. कादंबरी जगभर वाचली गेली, ग्रंथप्रेमींनी तर ती डोक्यावर घेतली. तिच्यावर माझा एक आक्षेप आहे. तिच्यात पुस्तके आवडणारी माणसे बहुशः चांगली आहेत आणि छळ करणारा पोलीस अधिकारी फुमेरो याला पुस्तकांशी कर्तव्य नाही. वाचन माणसाला सज्जन करते हे वाचकाला ऐकायला आवडते, पण विसाव्या शतकाच्या इतिहासाने त्याला आधार दिलेला नाही. अभिरुचिसंपन्न अत्याचारी त्या शतकात थोडे झाले नाहीत. साफोनला या खुशामतीतून वाचवते ती एकच गोष्ट: पुस्तके जाळणारा तो विद्रूप इसम खुद्द काराक्सच निघतो. लेखकालाच आपले सर्व लेखन जगातून पुसून टाकावेसे वाटू शकते, ही कल्पना त्या गोड पुस्तकातला एकमेव कडू घोट आहे, आणि तोच लक्षात राहतो.

डायन सेटरफील्डच्या 'द थर्टीन्थ टेल' (2006) मध्ये वृद्ध लेखिका व्हिडा विंटर आपल्या तरुण चरित्रकर्तीपुढे एक प्रश्न ठेवते. एक सरकता पट्टा आहे, त्याच्या शेवटी भट्टी धगधगते आहे. पट्ट्यावर तुमच्या प्रिय पुस्तकांच्या जगातल्या सर्वच्या सर्व प्रती एकामागून एक चालल्या आहेत. 'जेन एअर' आता जाणार. पट्ट्याची कळ एका माणसाच्या हाती आहे आणि तुमच्या हाती बंदूक. काय कराल? 'माणूस वाचवावा' हे उत्तर कोणीही सांगेल. पण ते सांगण्यापूर्वी ग्रंथप्रेमी क्षणभर थबकतो, आणि लेखिकेला रस आहे तो त्या थबकण्यात. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला, कपाटे फुटली, पोथ्यांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्या माणसाला ती जखम अजून आठवते आणि आठवावीच. पण त्याच्या काही दिवस आधी त्याच प्रकरणात एका विद्वानांच्या तोंडाला काळे फासले गेले होते. आज विषय निघाला की आपण पोथ्यांविषयी बोलतो. त्या माणसाविषयी फारसे बोलत नाही. व्हिडा विंटरच्या प्रश्नाला आपण दिलेले हे न बोललेले उत्तर आहे काय, अशी शंका मला येते.

उंबेर्तो एकोने या शंकेला सर्वांत खोलवर नेले. 'द नेम ऑफ द रोझ' (मूळ इटालियन 1980) ही कादंबरीही सापडलेल्या पुस्तकापासून सुरू होते: 1968 च्या ऑगस्टमध्ये, सोव्हिएत फौजा प्रागमध्ये शिरण्याच्या काही दिवस आधी, त्या शहरात निवेदकाच्या हाती एक जुने फ्रेंच भाषांतर पडते. वॉल्पोलला केलेला हा नमस्कारच आहे. कथा 1327 च्या नोव्हेंबरातली. इटलीतल्या एका मठात ख्रिस्ती जगातील थोर ग्रंथालय आहे, ते भुलभुलैयासारखे बांधले आहे आणि एकामागून एक भिक्षू मरत आहेत. ज्या पुस्तकापायी ते मरतात ते ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा सुखात्मिकेवरील लुप्त दुसरा भाग. हास्य भयाला मारते आणि भयाविना श्रद्धा टिकत नाही, म्हणून अंध वृद्ध भिक्षू जॉर्ज त्याच्या पानांना विष लावून ठेवतो.

सर्वसाधारण वाचनात चौकस विल्यम हा आपला आणि जॉर्ज हा शत्रू असतो. पण जॉर्जला ते पुस्तक इतकेच घातक वाटत होते तर त्याने ते कधीच जाळून का टाकले नाही? विल्यम स्वतःच हे ओळखतो, की असा माणूस पुस्तक नष्ट करीत नाही, ते राखतो आणि कोणाच्या हाती लागू देत नाही. म्हणजे जॉर्ज हाही ग्रंथप्रेमीच आहे. विल्यमला पुस्तक वाचायचे आहे, जॉर्जला ते असायला हवे आहे; वासनेचे हे दोन प्रकार आहेत, आणि आपल्यातल्या प्रत्येक संग्राहकात दोन्ही नांदतात. न वाचलेली पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवणाऱ्या आणि उसनी मागणाऱ्याकडे संशयाने पाहणाऱ्या सद्गृहस्थाला हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. अखेरीस जॉर्ज विषारी पाने स्वतःच फाडून खाऊ लागतो. ग्रंथाच्या मालकीची याहून टोकाची प्रतिमा मला ठाऊक नाही.

मराठी वाचकाला जॉर्ज परका वाटण्याचे कारण नाही. त्याचे निषिद्ध दालन एका बुरुजात होते. आपल्याकडे ते जन्मावर बांधलेले होते. स्त्रियांना आणि शूद्रांना पोथी बंद होती आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हा पुण्यात गहजब झाला, तो कोणी पुस्तक जाळले म्हणून नव्हे, कोणी वाचू लागले म्हणून. ग्रंथ राखणे आणि माणसाला वगळणे या दोन क्रिया आपल्या परंपरेत शतकानुशतके एकच होत्या. या पार्श्वभूमीवर तुकोबांच्या गाथेची कथा पाहावी. अधिकार नसताना धर्मार्थ सांगितला म्हणून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा सांगते. यात निषिद्ध ग्रंथ आहे, सत्तेने केलेला त्याचा नाश आहे, अद्भुतही आहे. म्हणजे गॉथिकची सारी सामग्री आहे. तरीही ही गॉथिक कथा होत नाही, कारण वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या कंठात होते, असा तिचा अर्थ मराठी माणूस सहजपणे लावतो. येथे एकमेव प्रत नाहीच. ग्रंथ आणि माणूस यांच्यात निवड करायला सांगणारा सरकता पट्टा या कथेला अपरिचित आहे, कारण ग्रंथ माणसांतच ठेवलेला होता. धारपांच्या आणि मतकरींच्या गूढकथांत वाडा आहे, वारसा आहे, शाप आहे. परंतु पोथी आलीच तर ती मंत्रासाठी येते, वाचण्याच्या वासनेसाठी नव्हे. आपल्या गूढकथेत ग्रंथालय का नाही, याचे एक कारण कदाचित या इतिहासात सापडेल. ज्या समाजात बहुसंख्यांना अलीकडेपर्यंत दालनाच्या बाहेरच उभे केले होते, त्याला आतल्या धुळीविषयी हळवे होणे सहजासहजी जमत नसावे.

एकोकडे परत जायला हवे, कारण त्याच्या कादंबरीत दालनाबाहेरचे एक माणूस आहे. जवळच्या गावातली एक दरिद्री मुलगी अन्नाच्या तुकड्यासाठी देह विकायला रात्री मठाच्या स्वयंपाकघरात येते. तरुण निवेदक ॲडसो आयुष्यात एकदाच स्त्रीसंग अनुभवतो तो तिच्याशी. ती बोलते ती भाषा त्याला कळत नाही. पुढे धर्मन्यायाधीश बर्नार्ड गी तिला चेटकीण ठरवून पकडतो आणि जाळण्यासाठी घेऊन जातो. विल्यम, ज्याची बुद्धी आपण सहाशे पाने वाखाणत आलो, तिच्यासाठी काहीही करीत नाही. ती आता गेलीच असे समज, एवढेच तो शिष्याला सांगतो. तो असहाय आहे हे खरे. पण लवकरच ग्रंथालयाला आग लागते तेव्हा हाच शांत, विवेकी पुरुष रडतो. मी जेवढ्या ग्रंथप्रेमी स्नेह्यांशी या कादंबरीविषयी बोललो, त्यांना ती आग तपशिलांसह आठवत होती. मुलीला काय झाले, हे सांगताना बहुतेक जण अडखळले.

मठ तीन दिवस आणि तीन रात्री जळत राहतो. अनेक वर्षांनी ॲडसो त्या भग्नावशेषांत परत येतो आणि भिंतींच्या कडेला, कुजलेल्या फळ्यांत उरलेले चर्मपत्रांचे कपटे वेचू लागतो. कुठे अर्धे पान, कुठे एखादे शीर्षक, कुठे एकच शब्द. प्रवासाला लागणाऱ्या वस्तू टाकून तो त्या कपट्यांनी थैल्या भरतो आणि उरलेले आयुष्य त्यांवरून मूळ ग्रंथ कोणते असतील हे ताडण्यात घालवतो. मुलीचे मात्र त्याच्यापाशी काहीच उरलेले नाही. तिचे नावसुद्धा त्याने विचारले नव्हते.